खाडा न पडता

(दृश्य: वाशीचं घाऊक बाजार आवार, पहाटेचा अंधार. ट्रकची फळी खाली पडते. पाठीवर पोतं घेऊन चाललेले हमाल.)

पहाटेचे साडेतीन वाजलेत. वाशीच्या बाजार आवारात कांद्या-बटाट्याच्या गाड्या लागल्यात. मुंबई जागी होऊन भाजीवाल्याशी घासाघीस करेल, तोवर हा सगळा माल कुणाच्या तरी पाठीवरून उतरलेला असेल.

पोतं पन्नास किलोचं. उचलणाऱ्याच्या अंगाकडे बघा.

(दृश्य: मसाला मार्केट. सुक्या मिरचीच्या गोण्या. तोंडाला गमछा बांधलेली माणसं.)

पलीकडे मसाला मार्केट. मिरचीची गोणी हलली की खकाणा उडतो आणि सगळी गल्ली खोकायला लागते. इथं खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. तो मिरचीचा असतो, धुळीचा असतो, नाहीतर बिडीचा. आठवडा जातो, दोन आठवडे जातात. संध्याकाळी अंग कसकसतं, रात्री घामानं बनियन भिजतं. मेडिकलमधून खोकल्याची बाटली येते. पँट सैल होते, तेव्हा कमरेला सुतळी बांधली जाते आणि काम चालू राहतं.

नोंदणीतल्या माथाडीच्या पाठीशी मंडळ आहे. 1969 च्या कायद्यानं ते मिळालं, आणि त्यासाठी घाटावरून आलेल्या माणसांनी रस्त्यावर उतरून लढा दिला. पण रोजावर लावलेली, रात्री गाळ्यावरच पथारी टाकणारी मुलं त्या वहीत नाहीत. त्यांनी सकाळी दवाखान्याची रांग धरली की खाडा पडतो. खाडा पडला की रोज बुडतो, आणि गावी जाणाऱ्या पैशात तेवढी घट येते. म्हणून ते जात नाहीत. पुढच्या काही मिनिटांत जे काम तुम्ही बघणार आहात, त्यातला प्रत्येक माणूस या एकाच गोष्टीशी झगडतोय: याचा रोज न बुडवता टीबीची तपासणी, औषध आणि अन्न याच्यापर्यंत न्यायचं कसं?

(दृश्य: बाजार उठल्यानंतर. दोन गाळ्यांमधली मोकळी जागा. हातात धरायचं एक्स-रे यंत्र.)

बाजार उठलाय. आता रांग लावली तरी कुणाचा रोज जात नाही. शिबिराची ही वेळ हमालांना विचारून ठरली, आणि आमच्या मते शिबिरातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

यंत्र एका माणसाला हातात धरता येतं. बॅटरीवर चालतं. समोरचा छातीशी पाटी धरून उभा राहतो, श्वास रोखतो, आणि क्षणात फुफ्फुसांचं चित्र लॅपटॉपवर उमटतं. संगणकाची प्रणाली ते वाचते आणि संशयाची जागा रंगवून दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये अशा वाचनाला मान्यता दिली. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या मुलखासाठी ही फार मोठी सोय आहे. मात्र एक्स-रेवरून टीबी ठरत नाही. कुणाचा बेडका तपासायचा, एवढंच त्यातून ठरतं.

एक्स-रेचा आग्रह का, तेही सांगायला हवं. 2019 ते 2021 या काळात देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास 43 टक्के लोक निव्वळ एक्स-रेमुळे सापडले. ‘खोकला आहे का, ताप आहे का’ एवढंच विचारून पुढे गेलं असतं, तर ते निसटले असते. आणि ज्यांना लक्षणं होती, त्यांच्यातले 64 टक्के लोक कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नव्हते. म्हणजे दवाखाना उघडा ठेवून वाट बघत बसलं तर टीबी सापडत नाही. तो शोधायला बाहेर पडावं लागतं.

(दृश्य: दिघा. डोंगराच्या अंगावरची वस्ती. अरुंद पायऱ्या चढणारी आशाताई, खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर.)

ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोली मागे टाकून ठाण्याकडे निघालं, की उजव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि त्याला बिलगलेली वस्ती दिसते. दिघा, इलठणपाडा, यादवनगर. पायथ्याला औद्योगिक पट्टा, आणि डोंगराच्या अंगावर दगडखाणींनी काढलेले उभे कापे. त्या खाणींत आयुष्य घालवलेली माणसं या वस्त्यांत आहेत. दगडाची भुकटी वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी फार लवकर धरतो.

घरं दहा बाय दहाची. एक दार, एक खिडकी, आणि खिडकीला बहुतेक वेळा पत्रा, कारण पलीकडे लगेच शेजाऱ्याची भिंत. टीबीचा जंतू हवेतून जातो. उपचार न झालेला एक रुग्ण वर्षभरात सोबतच्या पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो. संसर्ग झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. बहुतेकांत जंतू नुसता झोपून राहतो, शंभरातल्या पाच-दहा जणांत तो पुढे कधीतरी जागा होतो. भुकेल्या अंगात तो लवकर जागा होतो.

(दृश्य: दाराशी आशाताई. घरातल्या बाईचा चेहरा चौकटीबाहेर.)

“वहिनी, घरात कुणाला खोकला? ताप येतो संध्याकाळी? वजन उतरलंय कुणाचं? आधी कधी टीबीची औषधं चालली होती?”

पुढच्या दारात हेच प्रश्न हिंदीत. काही दारं आतूनच उत्तर देतात, “आमच्याकडे नाही असलं काही.” घरात लग्नाची मुलगी असली तर उत्तर आणखी लवकर येतं. ताई वाद घालत नाही. बाळाचा कुठला डोस राहिलाय ते सांगते, बीपीच्या गोळ्या संपल्यात का विचारते, आणि खोकल्याचा विषय पुढच्या खेपेला काढते. कुठलं दार कितव्या खेपेला उघडेल, हे रजिस्टरमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. ते तिला पाठ असतं.

आशाताईंना पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला. नेहमीच्या टीबीचा एक रुग्ण सहा महिने सांभाळून त्याचं औषध पुरं करवलं, की 1000 रुपये. म्हणजे दिवसाला साडेपाच रुपये. एवढ्यात तिची या डोंगराची एक चढणही भागत नाही.

(दृश्य: थुंकीची डबी, अगदी जवळून. झाकण, त्यावरचा नंबर.)

या डबीकडे नीट बघा. आमच्या दृष्टीनं या माहितीपटाचा नायक हीच आहे.

नुसती लाळ चालत नाही, छातीतून सुटलेला बेडका लागतो. ताई आधी चूळ भरायला लावते. मग माणसाला घराबाहेर, उघड्यावर, बाकीच्यांपासून लांब उभं करते. दोन-तीनदा खोल श्वास घे, धर, आणि पोटापासून खोक. डबी ओठांशी धर, बाहेर सांडू देऊ नकोस. झाकण घट्ट फिरव. एक नमुना असा, समोर. दुसरा पहाटे उठल्या उठल्या, चूळ भरून, काही खायच्या आधी, कारण रात्रभर छातीत साचलेलं त्यात येतं.

आता इथं एक लहानसा बदल घडलाय, आणि त्यानं सगळं पालटलंय. पूर्वी दुसरी डबी घेऊन रुग्णानंच दवाखान्यात जायचं. मग रिपोर्टसाठी पुन्हा जायचं. दर फेरीला खाडा. पहिली डबी देऊन गेलेली कितीतरी माणसं पुन्हा फिरकतच नसत. आता पहाटेची डबी न्यायला ताई स्वतः येते. डबी प्रवासाला निघते आणि माणूस कामाला.

(दृश्य: झिपच्या पिशवीत डबी. थंड पेटी. मोटारसायकलच्या मागच्या सीटला बांधलेली पेटी, ठाणे-बेलापूर रस्ता.)

डबी आधी झिपच्या पिशवीत, मग बर्फाच्या पाकिटांसोबत थंड पेटीत. डोंगर उतरून नागरी आरोग्य केंद्रात. तिथं नोंद होते, डबीला क्रमांक मिळतो आणि तो ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत चढतो. मग मोटारसायकल. कंटेनरच्या रांगेतून, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे मागे टाकत पेटी प्रयोगशाळेत पोचते. रस्त्यात उन्हाचा तडाखा बसला, पेटी तासन् तास उघडी पडली, तर आतला नमुना बिघडतो आणि त्या माणसाला पुन्हा डबी द्यायला सांगायची वेळ येते. पेटी चालवणाऱ्या या पोराला ते पक्कं ठाऊक आहे. चहाला थांबला तरी पेटी सावलीत ठेवतो. बघा.

(दृश्य: प्रयोगशाळा. मोजे घातलेले हात. कार्ट्रिज. यंत्राचा दिवा.)

24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं गरीब देशांत टीबी शोधायची रीत एकच राहिली: बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. पण मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये ते पाच-दहा हजार तरी असावे लागतात. तेवढे होईपर्यंत माणूस आजारी असतो, खोकत असतो, आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो.

हे सीबीनॅट यंत्र. बेडक्यात त्याच्या दुप्पट द्रावण घालतात, डबी जोरात हलवतात आणि पाव तास ठेवतात. जंतू मरतात, बेडका पातळ होतो. मग दोन मिलीलिटर या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या कुपीत. झाकण लावलं की माणसाचं काम संपलं. आत यंत्र जंतूचा जनुकीय धागा शोधतं, त्याच्या प्रती वाढवतं, आणि त्याच तपासणीत रिफाम्पिसिन हे मुख्य औषध या जंतूला लागू पडेल की नाही तेही सांगतं. दोन तासांच्या आत उत्तर. मिलीलिटरमध्ये सव्वाशेच्या आसपास जंतू असले तरी ते सापडतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं या यंत्राला डिसेंबर 2010 मध्ये मान्यता दिली. पण यंत्र अमेरिकी कंपनीचं, आणि कार्ट्रिजही तिचीच लागते. गरीब देशांना एक कार्ट्रिज दहा डॉलरला पडायची. जगभरच्या रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर, सप्टेंबर 2023 मध्ये, ती आठ डॉलरच्या आत आली. दरम्यान आपल्या गोव्यात ट्रूनॅट तयार झालं: बॅटरीवर चालणारं, वातानुकूलित खोली न मागणारं. 2020 मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. ज्या गावात दिवसातून चारदा वीज जाते, तिथं या यंत्राची किंमत कळते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. सॅनिटोरियमचा व्हरांडा, ओळीनं खाटा.)

औषधं नव्हती तेव्हा टीबी झालेल्याला घराबाहेर काढायचे. हवापालटाला डोंगरावर, नाहीतर सॅनिटोरियममध्ये. औषधं आल्यावरही कितीतरी वर्षं समज तीच होती, की महिनोन् महिने खाट अडवल्याशिवाय हा रोग जात नाही. आणि एवढ्या खाटा कुठल्याच गरीब देशाकडे नव्हत्या.

1956 मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, विश्रांती आणि चांगला आहार देऊन. दुसरा आपापल्या घरी, त्याच गर्दीत, त्याच जेवणावर. औषधं दोघांना सारखीच, वर्षभर. 1959 मध्ये निष्कर्ष छापून आले: घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि घरच्यांना त्यामुळे जादा धोकाही झाला नव्हता. साऱ्या जगानं टीबीचा उपचार घरी आणला तो या अभ्यासानंतर. 1962 मध्ये आपला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. भारतानं जगाला दिलेल्या मोठ्या देणग्यांत आम्ही मद्रासचा हा अभ्यास मोजतो.

पण त्यातून एक अर्थ असाही काढला गेला की गोळी मिळाली म्हणजे झालं, खाण्यापिण्याचं एवढं काही नाही. हा अर्थ गरिबाला फार महाग पडला. पुढची कित्येक दशकं कार्यक्रमात गोळीचा हिशोब होता, ताटाचा नव्हता.

(दृश्य: वजनकाटा. काट्यावर अनवाणी पाय.)

आज उपचार वजन करूनच सुरू होतो. चार औषधं एकाच गोळीत. 35 ते 49 किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या, 50 ते 64 किलोच्याला चार. दोन महिने ही गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. लघवी केशरी होते. ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही, हे ताई पहिल्याच दिवशी सांगते. न सांगता घरी गेलेला माणूस ते पाहून घाबरतो आणि गोळ्या टाकून देतो.

1997 पासून वीस वर्षं रीत अशी होती की दिवसाआड, कुणाच्या तरी समोर बसून गोळ्या गिळायच्या. केंद्र सकाळी उघडणार, तर नाक्यावर काम मिळायची वेळही तीच. 2017 पासून गोळी रोजची झाली. आता पाकीट घरात असतं. कामावर जाताना घोटभर पाण्याबरोबर घेता येतं.

(दृश्य: पोषण आहाराची पिशवी उघडताना. तूरडाळ, शेंगदाणे, तेल.)

2019 ते 2022 दरम्यान झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा अभ्यास झाला. टीबीच्या सगळ्या रुग्णांना शिधा दिला. निम्म्या घरांत तो घरच्या बाकी माणसांनाही दिला: तांदूळ, डाळ, जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं टीबीचं नवीन प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिलं, आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुफ्फुसाच्या, संसर्गजन्य टीबीचं 48 टक्क्यांनी. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. 40 किलोच्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

सरकार 2018 पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये टाकू लागलं. नोव्हेंबर 2024 पासून त्याचे 1000 झाले, आणि 3000 रुपये निदान होताच आगाऊ देण्याचं ठरलं. हे चांगलं झालं. पण हमाल आजारी पडला की त्याची पूर्ण मिळकत थांबते, आणि खाते-आधाराची जुळणी नसलेल्याला पैसे वेळेत मिळत नाहीत. पिशवीला खातं लागत नाही. म्हणून आम्हाला पिशवी जास्त भरवशाची वाटते. 2022 पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कुणीही रुग्ण दत्तक घेऊन ही पिशवी देऊ शकतं. सोसायट्या देऊ शकतात, कारखाने देऊ शकतात, बाजारातला व्यापारी आपल्याच गाळ्यावरच्या पोराला देऊ शकतो.

आणि पिशवी घरापुरती हवी. आईला मिळालेल्या शेंगदाण्यातले आई खात नाही, हे कुठल्याही घरात खरं आहे.

(दृश्य: औषधांचं कपाट. बेडाक्विलिनची डबी.)

औषधं अर्धवट सुटली, चुकीची दिली गेली, किंवा आधीच औषधाला दाद न देणारा जंतू शरीरात आला, की साध्या गोळ्या चालत नाहीत. अशा टीबीला पूर्वी वर्ष-दोन वर्षं औषधं लागत, महिनोन् महिने सुया टोचाव्या लागत. त्या सुयांनी कितीतरी तरुण मुलांचे कान गेले. भारतातल्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले यांचंही ऐकू येणं असंच गेलं. बेडाक्विलिन या नव्या औषधावरची कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेला. स्वस्त बेडाक्विलिनची वाट त्यामुळे मोकळी झाली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं सहा महिन्यांच्या, सुई नसलेल्या नव्या उपचाराला मान्यता दिली.

2023 मध्ये जगात 1 कोटी 8 लाख माणसांना टीबी झाला, साडेबारा लाख दगावली. त्यातली चौथ्या हिश्शाहून अधिक माणसं आजारी पडली ती एकट्या भारतात.

(दृश्य: तुर्भे स्टोअर ही वस्ती. संध्याकाळ. कामावरून परतणारी माणसं. एका घरात ताई, तिच्यासमोर घरातले सगळे.)

तुर्भे स्टोअर, संध्याकाळी सात. या घरातल्या धाकट्या भावाला टीबी आहे. औषध सुरू होऊन महिना झालाय, खोकला थांबलाय. चेहरा आम्ही दाखवत नाही, त्याची तशी इच्छा आहे. ताई आज त्याच्यासाठी आलेली नाही, बाकीच्यांसाठी आलीय. त्यांची तपासणी झाली, टीबी कुणाला नाही. आता त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या: आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. ताईनं वार रविवार ठरवून दिलाय, सगळे घरात असतात म्हणून.

आमचं मागणं साधं आहे. एक्स-रेचं यंत्र बाजारात बाजार उठल्यावर यावं आणि वस्तीत संध्याकाळी सातनंतर यावं, मोहिमेपुरतं नव्हे तर दर महिन्याला. शिधा रुग्णापुरता न देता घराला द्यावा, निदान झाल्याच्या आठवड्यातच. आणि आशाताईचा सहा महिन्यांचा मोबदला 1000 वरून निदान एवढा तरी व्हावा, की डोंगर चढताना तिला रिक्षाच्या पैशांचा विचार करावा लागू नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन: यातलं काहीही असेल तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जाणं जमत नसेल तर 1800-11-6666 या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.